पातळ पत्र्याचा ‘के-सी’: एका आकड्यामागची पार्श्वभूमी

तड्याचे गणित 1920 च्या दशकात काचेवर मांडले गेले. धातूंसाठी त्याची निकड भासली ती 1950 च्या दशकात, रॉकेटची पातळ पोलादी कवचे दाब-चाचणीतच फुटू लागली तेव्हा. म्हणजे प्रश्न पत्र्याचा होता, पण 1970 च्या सुमारास पहिले पक्के मानक आले ते जाड नमुन्याचे.

त्याची अट अशी: चिवटपणाला (तडा पसरण्याला धातू किती विरोध करतो तो आकडा) यील्डने (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) भागा, वर्ग करा, अडीचने गुणा, जाडी निदान तेवढी हवी. 5083 या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे यील्ड 215 मेगापास्कल आणि चिवटपणा 40 मेगापास्कल-रूट-मीटर धरला, तर सुमारे 86.5 मिमी जाडी लागते. गोव्यात बांधल्या जाणाऱ्या गस्ती नौकांच्या केबिनचा पत्रा असतो चार-सहा मिमीचा.

मग पत्र्यासाठी ‘के-सी’, म्हणजे पत्र्याच्या आहे त्याच जाडीला मोजलेला चिवटपणा, रूढ झाला, आणि घोळ इथेच आहे. ‘के-वन-सी’, म्हणजे जाड नमुन्यावर मोजलेला चिवटपणा, हा मिश्रधातूचा गुण. ‘के-सी’ मात्र जाडी, नमुन्याची रुंदी आणि सुरुवातीचा तडा यांवर हलतो. त्याच पत्र्याची 200 मिमी रुंद पट्टी 800 मिमीच्या पट्टीपेक्षा कमी आकडा देते. तरी रुंदी न लिहिलेला ‘के-सी’ पत्र्याच्या सर्टिफिकेटवर दिसतो. असा आकडा डिझाइनसाठी निरुपयोगी आहे.

1970 च्या दशकातला उपाय जास्त प्रामाणिक होता: एका आकड्याऐवजी आर-कर्व्ह, म्हणजे तडा मिलिमीटर-मिलिमीटर वाढताना प्रतिकार किती चढतो त्याचा आलेख. नमुन्यात मधोमध खाच, तिच्या दोन्ही टोकांना फटीगने (भार पुन्हा पुन्हा देऊन) काढलेला तडा, आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेल्या आधारपट्ट्या. या पट्ट्या नसल्या की तड्याच्या कडा बाहेर फुगतात आणि प्रतिकार कमी दिसतो. बोल्ट फार आवळले तर घर्षणच भार खाते आणि तो जास्त दिसतो. म्हणून पट्टी आणि पत्रा यांच्या मध्ये ग्रीस किंवा टेफ्लॉन. तडा वगळून उरलेल्या छेदावरचा ताण यील्डच्या वर गेला तर ती चाचणी बाद.

1988 मध्ये हवाईजवळ एका जुन्या प्रवासी विमानाचे छत उडत असतानाच फाटून गेले. रिव्हेटांच्या रांगेतले बारीक तडे एकमेकांना जुळले होते, आणि एकट्या तड्याचा आलेख तिथे अपुरा पडत होता. त्यानंतर तड्याच्या टोकाचा उघडण्याचा कोन मोजण्यावर भर आला. 2006 मध्ये त्याचेही मानक झाले. तडा थोडा पुढे सरकला की हा कोन जवळपास स्थिर राहतो.

यातली कुठलीही चाचणी काही मिनिटांची, कोरड्या हवेतली. वास्कोच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे सरकणारा तडा तिच्यात दिसत नाही. त्यासाठी गंज-ताणाची चाचणी वेगळी करावी लागते.