सामाजिक समता आणि लोकशाहीचे स्थैर्य

जन्माने ठरणारी उच्चनीचता ओसरली की लोकशाही टिकते, की एकाधिकारशाहीकडे झुकते, याचा विचार. फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तॉकव्हील याने अमेरिकेतील लोकशाहीवरील ग्रंथात (१८३५ व १८४०) या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या. दर्जा सारखा होत गेला की बहुतेकांकडे गमावण्याजोगे थोडेफार असते, म्हणून उठावाची ओढ मंदावते. पण जुनी बंधने तुटल्यावर माणूस एकटा पडतो, घरप्रपंचात रमतो आणि सार्वजनिक कामे सरकारवर सोडतो. असे सरकार छळ करीत नाही. ते सांभाळते, नियम लावते आणि लोकांची स्वतः ठरवण्याची सवय मोडते. यावर नगरसभा, ज्यूरी (खटल्यात निर्णय देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ), वृत्तपत्रे व स्वेच्छेने उभारलेल्या संस्था हा त्याचा उपाय होता.

भारतात अडचण वेगळी : कायद्याने समता आली, व्यवहारात आली नाही. बडोदा संस्थानात हे फार आधी दिसले. सयाजीराव गायकवाड तिसरे (राज्यकाळ १८७५–१९३९) यांनी अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते राज्यभर नेले. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मात्र १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा कचेरीतले शिपाई विटाळ टाळण्यासाठी कागद लांबून टाकत. शहरात कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना काढण्यात आले. बडोद्याच्या सयाजीबागेतील संकल्पभूमी हे स्मारक त्यांना असे काढण्यात आले त्या दिवसाशी जोडलेले आहे. महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत चालला, उंबऱ्यावर थांबला. शिवाय जे राजाच्या मर्जीने मिळते ते मर्जीनेच जाऊ शकते. उदार राजवटीची ही खरी उणीव होय.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी दोन धोके सांगितले. मत समान आणि जगणे विषम, ही विसंगती लांबली तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीची इमारत उडवतील. दुसरा धोका राजकारणातील नेत्याच्या भक्तीचा. ती हुकूमशाहीकडे नेते. पहिल्या धोक्यातून दुसरा वाढतो, कारण ज्याला शेजारी मान देत नाही तो तारणहार शोधतो.

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता रद्द केली. ७३ व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी (१९९२) स्थानिक संस्थांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एकतृतीयांश जागा राखल्या. मात्र अनेक ठिकाणी राखीव खुर्चीवर बसलेल्या बाईऐवजी ‘सरपंचपती’ कारभार पाहतो, ग्रामसभा कागदावरच भरते. तेथे आरक्षण असूनही निर्णय जुन्याच वाड्यात होतात.