डिस्क तपासायला ॲडमिनिस्ट्रेटरच का लागतो?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून आज्ञा देण्याची खिडकी) उघडून चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधले दोष शोधणारा प्रोग्रॅम, चालवायला जावं, तर उत्तर येतं: पुरेसे अधिकार नाहीत, ही युटिलिटी एलिव्हेटेड मोडमध्ये (वाढीव अधिकारांनी) चालवा. कॉम्प्युटर आपला, डिस्क आपली, लॉगिनसुद्धा ॲडमिनिस्ट्रेटरचं, आणि तरी नकार. चिडचिड होणं साहजिक आहे. पण हा नकार उगाच आलेला नाही.

1981 मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम आली, त्यातही चेकडिस्क होतं. तेव्हा परवानगीचा प्रश्नच नव्हता, कारण डॉसला 'युजर' ही कल्पनाच ठाऊक नव्हती. कीबोर्डसमोर बसेल तो मालक. फॅट नावाच्या तक्त्यात प्रत्येक फाइलच्या क्लस्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या तुकड्यांची, साखळी नोंदलेली असे. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर काही क्लस्टर भरलेले दिसत, पण ते कोणत्याच फाइलचे नसत. चेकडिस्क असे बेवारस तुकडे शोधून 'फाइल0000.सीएचके' अशा नावांनी जमा करायचं. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आज्ञेपुढे 'स्लॅश एफ' हा पर्याय जोडल्याशिवाय ते डिस्कवर काहीच बदलत नसे, नुसता अहवाल देई. तपासणं आणि दुरुस्त करणं वेगळं ठेवण्याचा हा निर्णय मला आजही फार मोलाचा वाटतो.

युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची वाट पहिल्यापासून वेगळी होती. एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करत, म्हणून प्रत्येक फाइलला मालक आणि परवानग्या होत्या. तिथे 1970च्या दशकात टेड कोवाल्स्की यांनी एफएससीके हे डिस्क तपासण्याचं साधन लिहिलं. खरी मेख इथेच आहे. परवानग्या पाळायला लावते ती फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था, आणि तपासणीचं साधन तर त्या फाइल सिस्टिमवरच शंका घेऊन निघालेलं असतं. ते फाइल उघडून वाचत नाही. थेट डिस्कवरचे ब्लॉक वाचतं, लागलं तर तिथेच लिहितं. अशी थेट वाट सगळ्यांना मोकळी असती, तर कोणीही कोणाचीही फाइल ब्लॉक-ब्लॉक करून वाचली असती. म्हणून डिस्क रूटच्या, म्हणजे युनिक्सच्या सर्वाधिकारी युजरच्या, ताब्यात.

1993 मध्ये विंडोज एनटी आणि त्याची फाइल सिस्टिम एनटीएफएस आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या जगातही फाइलला मालक मिळाला. ज्या ड्राइव्हवरून विंडोज चालतं तो चालू असताना दुरुस्तीसाठी कुलूपबंद (इतर प्रोग्रॅमना बंद) करता येत नाही, म्हणून 'पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का?' हा ओळखीचा प्रश्न. पण घरोघरच्या विंडोज एक्सपीवर बहुतेक जण कायम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच वावरत, त्यामुळे अधिकारांची अट कोणाला जाणवलीच नाही. व्हायरसनाही नाही, कारण त्यांनाही तेच अधिकार आयते मिळत.

2007 मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने हे बदललं. युजर अकाउंट कंट्रोलमुळे ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केलं तरी त्याचे प्रोग्रॅम साध्या अधिकारांनीच चालू लागले. जास्तीचे अधिकार हवे असतील, तर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणायचं आणि समोर येणाऱ्या प्रश्नाला होकार द्यायचा.

2012च्या विंडोज 8 मध्ये ड्राइव्ह वापरात असतानाच 'स्लॅश स्कॅन'ने तपासण्याची सोय झाली. सापडलेला दोष नंतर 'स्लॅश स्पॉटफिक्स'ने थोडक्यात दुरुस्त होतो, तासन्‌तास खोळंबावं लागत नाही. पण ही दोन्ही कामंही एलिव्हेटेड विंडोतूनच करावी लागतात.