सरकारी नोकरी आणि रहिवासाची अट: पार्श्वभूमी

मोठ्या भरतीची जाहिरात निघाली की ‘भूमिपुत्रांनाच जागा द्या’ ही मागणी पुढे येते आणि ‘हा निव्वळ संरक्षणवाद आहे’ हा आक्षेपही लगेच येतो. दोन्ही बाजू राज्यघटनेच्या कलम १६ चाच हवाला देतात. त्याचे दुसरे उपकलम रहिवासाच्या कारणावरून सरकारी नोकरी नाकारायला मनाई करते. तिसरे उपकलम त्या मनाईला अपवाद करण्याचा अधिकार देते, पण तो केवळ संसदेला. राज्याच्या विधिमंडळाला नाही, मंत्रिमंडळाला तर नाहीच. सगळा वाद या तिसऱ्या उपकलमाभोवती फिरतो, म्हणून त्याचा इतिहास पाहायला हवा.

घटनासमितीत हा विषय नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस चर्चेला आला. देशाचे नागरिकत्व एकच, मग एका प्रांताच्या माणसाला दुसऱ्या प्रांतात नोकरीसाठी अट का, हा प्रश्न सभासदांनी जोरात मांडला. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी त्यातले तत्त्व मान्य केले, पण एक व्यवहाराची अडचणही सांगितली. ज्या प्रांताशी काही नाते नाही, तिथे केवळ पदासाठी यायचे आणि काम साधले की निघून जायचे, यालाही मोकळे रान देता येणार नाही. त्यावर तोडगा असा निघाला की अट घालायचीच असेल तर ती संसदेने घालावी, म्हणजे प्रांताप्रांताने आपापली कुंपणे उभारू नयेत. अपवाद ठेवला, पण त्याची किल्ली दिल्लीत ठेवली. हे विसरून आजची चर्चा होते, हे मला खटकते.

किल्ली दिल्लीत ठेवण्याचे कारण समोरच होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१९ पासून मुल्की नियम लागू होते. संस्थानात जन्मलेला, किंवा १५ वर्षे कायम राहून परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र देणारा, तो मुल्की. सरकारी नोकरी त्यालाच. बाहेरून आलेले शिकलेले लोक वरच्या जागा घेतात आणि इथला मुलगा कारकुनीलाही पोचत नाही, ही त्यामागची तक्रार. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते, त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मद्रास आणि इतर प्रांतांतून अधिकारी-कर्मचारी आले, खोट्या मुल्की दाखल्यांच्या तक्रारी वाढल्या आणि सप्टेंबर १९५२ मध्ये विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले. हैदराबाद शहरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बळी गेले.

राज्य पुनर्रचनेनंतर संसदेने आपला अधिकार वापरला तो १९५७ च्या कायद्याने. हा कायदा २१ मार्च १९५९ ला अमलात आला आणि देशभरातल्या रहिवासाच्या अटी त्याने रद्द केल्या. अपवाद उरले चारच: आंध्र प्रदेशातला तेलंगण भाग, हिमाचल, मणिपूर आणि त्रिपुरा. तिथेही सगळ्या पदांना नव्हे, खालच्या श्रेणीतल्या ठरावीक पदांनाच, आणि तेही पाच वर्षांपुरते. पुढे ही मुदत दोनदा वाढवली गेली. संरक्षणवाद म्हणणाऱ्यांनी या कायद्याची घडण नीट पाहावी असे मला वाटते. मागास राहिलेला भाग, खालची पदे आणि ठरलेला शेवट असे त्याचे स्वरूप होते. शिकायला उशिरा सुरुवात केलेल्या मुलखाला थोडी उसंत द्यावी, एवढाच हेतू होता.

या कायद्याचा कणा मोडला तो मार्च १९६९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. त्याकडे सविस्तर पाहिल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही.

तेलंगण आंध्रात सामील होताना, फेब्रुवारी १९५६ मध्ये, दोन्ही भागांच्या नेत्यांनी करार केला होता. तेलंगणातल्या नोकऱ्यांसाठी तिथल्या रहिवासाची अट राहील, हे त्यातले महत्त्वाचे कलम. प्रत्यक्षात पुढची बारा वर्षे किनारी आंध्र आणि रायलसीमेतले उमेदवार राखीव जागांवर लागत राहिले. ‘पात्र स्थानिक मिळाला नाही’ हा शेरा मारला की झाले. जानेवारी १९६९ मध्ये तेलंगण पेटल्यावर राज्य सरकारने घाईघाईने आदेश काढला: राखीव जागांवर बसलेल्या बाहेरच्यांना कामावरून मोकळे करा. ज्यांना त्या जागांवरून हटवले जाणार होते ते कर्मचारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्यांचा मुद्दा एका ओळीचा होता. तिसरे उपकलम ‘त्या राज्यातील’ रहिवासाबद्दल बोलते, राज्याच्या एका भागातील रहिवासाबद्दल नाही. कर्नूलचा माणूस आंध्र प्रदेशाचाच रहिवासी, मग त्याला वरंगळमध्ये अडवणार कसे? ‘कोणतीही अट’ या शब्दांत जिल्ह्याची किंवा भागाची अटही बसते, असे सरकारचे उत्तर होते. घटनापीठाने पहिला अर्थ घेतला आणि कायद्यातला तेलंगणापुरता भाग रद्द केला.

शब्दांच्या हिशेबाने निकाल चूक म्हणता येणार नाही, पण त्यातून निघालेले चित्र उलटे आहे. संसदेने मनात आणले तर नागपूरच्या उमेदवाराला आख्ख्या आंध्रात बंदी करता येईल, मात्र शाळाच उशिरा पोचलेल्या आदिलाबादच्या मुलाला गुंटूरच्या मुलापासून पाच वर्षांची सवड देता येणार नाही. म्हणजे राज्याच्या सीमेवरची मोठी भिंत घटनेत बसते आणि राज्याच्या आतली, मागासलेपणावर आधारलेली छोटी सवलत बसत नाही. संरक्षणवादाचा आरोप खरा लागू पडतो तो पहिल्या प्रकाराला, पण रद्द झाला दुसरा.

पुढे गुंता वाढतच गेला. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने जुने मुल्की नियम अजून जिवंत असल्याचे सांगितले, तेव्हा किनारी आंध्र पेटला आणि वेगळ्या आंध्रची मागणी झाली. अखेर १९७३ मध्ये सहा कलमी तोडगा निघाला, घटनादुरुस्तीने कलम ३७१-ड आले आणि १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जिल्हा आणि विभागवार संवर्ग, म्हणजे पदांचे वेगवेगळे गट, तयार झाले. कनिष्ठ लिपिकाच्या पातळीवर ८० टक्के, वरच्या अराजपत्रित पदांवर ७० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक ठरण्यासाठी मात्र १५ वर्षे नाहीत, सलग चार वर्षांचे शिक्षण किंवा वास्तव्य पुरे. न्यायालयाने जे दार बंद केले होते, ते संसदेला घटना बदलून उघडावे लागले. आज तेलंगण स्वतंत्र राज्य आहे आणि २०१८ च्या आदेशाने तिथला स्थानिकांचा वाटा ९५ टक्क्यांवर गेला आहे.

याच हैदराबाद राज्यातून १९५६ मध्ये बाहेर पडलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला काय आले? १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचे आश्वासन होते आणि कलम ३७१ मध्ये विदर्भ-मराठवाड्यासाठी राज्य सेवांत ‘पुरेशी संधी’ असे शब्द आले. त्यामागे ना संवर्ग, ना टक्केवारी. तेलंगणाला आंदोलनांनी जे मिळवून दिले, त्याच्या आसपासही आपण गेलो नाही.

महाराष्ट्रात रहिवासाची अट आहे ती वेगळ्या रूपात. सेतू केंद्रासमोर शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि जुनी वीजबिले घेऊन उभे असलेले उमेदवार ज्या अधिवास प्रमाणपत्रासाठी येतात, त्याला राज्यातले १५ वर्षांचे वास्तव्य लागते. या अटीला जोडलेले जुलै २००८ चे एक शासन परिपत्रक बरेच काही सांगून जाते. कर्नाटकाच्या ताब्यातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्रात अर्ज करता येतो. त्यांनी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे ते त्या गावांतले. म्हणजे राहायचे कर्नाटकाच्या प्रशासनाखाली आणि हक्क महाराष्ट्रातला. ही अट केवळ पत्त्याची असती, तर असे परिपत्रक निघालेच नसते. इथे ती भाषेशी आणि आपलेपणाशी बांधली गेली आहे, आणि सीमाभागाच्या बाबतीत ते योग्यच आहे असे मी मानतो.

गेल्या चाळीस वर्षांत न्यायालयांचा कल स्पष्ट आहे. १९८४ मध्ये वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भूमिपुत्रांच्या धोरणांवर कडक शब्दांत टीका केली. २००२ मध्ये राजस्थानातल्या शिक्षक भरतीत जिल्ह्याच्या रहिवाशाला १० आणि ग्रामीण रहिवाशाला ५ जादा गुण देण्याची पद्धत रद्द झाली. पुढे राज्ये खासगी नोकऱ्यांकडे वळली. हरयाणाने महिना ३० हजारांपर्यंतच्या ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या, तो कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोडीत काढला. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतले रहिवासावर आधारित आरक्षणही घटनाबाह्य ठरले.

आणि तरीही, जिथे केंद्राची इच्छा असते तिथे अट सहज येते. जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा गेल्यावर ३१ मार्च २०२० च्या आदेशात फक्त सर्वांत खालच्या श्रेणीतली पदे तिथल्या रहिवाशांसाठी ठेवली होती. ओरड झाली आणि तीन दिवसांत दुरुस्ती करून सगळी पदे त्यात आली. रहिवाशाची व्याख्या पुन्हा १५ वर्षांच्या वास्तव्याची, किंवा सात वर्षांचे शिक्षण आणि दहावी-बारावीची परीक्षा तिथूनच. लडाखमध्ये जून २०२५ मध्ये असाच नियम आला. तिथे १५ वर्षे मोजायची ती ३१ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे वास्तव्याच्या अटीवर बाहेरून आलेला पहिला उमेदवार २०३४ पर्यंत पात्र ठरत नाही. १९५७ च्या कायद्याला होती तशी पाच वर्षांची मुदत मात्र या नियमाला नाही.