हिरवा झाडबेडूक घरी नेण्याआधी

दर मे महिन्यात मुलं न्हाणीघराच्या भिंतीवरचा तपकिरी झाडबेडूक बरणीत घालून आमच्या दुकानात आणतात. त्याला जिथून उचललात तिथेच परत सोडा. तो ओलाव्याला घरात येतो, रात्री किडे टिपतो आणि पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. शिवाय रानातला प्राणी पकडून ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकू शकतं.

हे पत्रक मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, पण पैदास करून वाढवलेल्या हिरव्या झाडबेडकासाठी आहे. विकत घेताना पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. नीट सांभाळला तर तो 15 वर्षांहून जास्त जगतो. पोरगं पहिलीत असताना आणलात तर त्याचं कॉलेज होईपर्यंत घरात असेल. तेवढी तयारी असेल तरच न्या.

सर्वांत आधी पाणी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो. म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट अंगात जातं. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, म्हणून क्लोरीन काढणारे थेंब घातल्याशिवाय ते वापरू नका. विहिरीचं पाणी चांगलं, पण त्यातही नुकतीच टीसीएल टाकलेली नाही ना ते विचारा. खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, तेव्हा आधी चाखून बघा. भांडं उथळ ठेवा आणि पाणी रोज बदला.

आपल्या किनाऱ्यावर मीठ कुठून शिरेल सांगता येत नाही. एका गिऱ्हाइकाने हौसेने समुद्राची वाळू आणि शिंपले टाकीत मांडले होते. दोन दिवसांत बेडूक तपकिरी पडला आणि पाण्याच्या भांड्यातून उठेना. सगळं उपसून टाकी गोड्या पाण्याने धुतली, तेव्हा हळूहळू हिरवा झाला. खाली घालायचा नारळाचा भुसाही खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा असू शकतो. तीन-चार पाण्यांतून पिळून घ्या. मासळी साफ केलेल्या किंवा साबणाच्या हाताने बेडकाला शिवू नका. हात साध्या पाण्याने धुऊन ओलेच ठेवा, आणि नंतर मात्र साबणाने स्वच्छ धुवा.

टाकी उभी हवी: दीड फूट लांब-रुंद, दोन फूट उंच, आत चढायला जाड फांद्या. दिवसा 24 ते 28 अंश त्याला मानवतं. मेमध्ये टाकी खिडकीतून हलवून माजघरात न्या, जाळीवर ओलं फडकं टाका. पावसाळ्यात उलट काळजी: पाणी फवारणं बंद करा, जाळी मोकळी ठेवा, नाहीतर बुरशी धरते. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा फवारा अजिबात नको.

मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा रातकिडे पुरतात, तेही कॅल्शियम पावडर लावून. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. घरातलं झुरळ देऊ नका, त्याने औषध खाल्लेलं असू शकतं. हा बेडूक फार खादाड आहे. डोळ्यांवर चरबीच्या वळ्या लोंबू लागल्या की खाणं कमी करा.

सांभाळणं जमेनासं झालं तर कधीही दुकानात आणून द्या, आम्ही ठेवून घेऊ. पण व्हाळात किंवा बागेत सोडू नका. त्याच्या कातडीवरची बुरशी आपल्याकडच्या बेडकांना लागली तर ती परत काढता येत नाही.