घरच्या सर्व्हरवरचा सिनेमा टीव्हीपर्यंत येतो कसा?

सर्व्हर (सिनेमे साठवून टीव्हीला पुरवणारा घरचा संगणक) बसवून दिल्यावर आम्हाला हमखास एक फोन येतो: "सिनेमा अडकतोय, नेटचा प्लॅन वाढवू का?" कृपया वाढवू नका. घरात बसून घरच्याच सर्व्हरवरून पाहताना तुमचं इंटरनेट खर्ची पडत नाही.

बहुतेक घरांत सर्व्हर आणि टीव्ही या दोघांचेही नेटवर्कमधले पत्ते (आयपी ॲड्रेस) १९२.१६८ ने सुरू होतात. हे पत्ते घरापुरतेच चालतात. राउटर सर्व्हरकडून डेटा घेतो आणि वायरने किंवा वायफायने तिथल्या तिथे टीव्हीकडे देतो. खात्री करायची असेल तर जेलीफिनवर (सर्व्हरवरचे सिनेमे दाखवणारं ॲप) सिनेमा लावा आणि बाहेरून राउटरमध्ये येणारी नेटची वायर काढा. सिनेमा चालूच राहील. (फायबर थेट राउटरलाच जोडलेलं असेल तर मात्र हात लावू नका, त्याच्या टोकाला धूळ सोसत नाही.)

मग अडकतं कुठे? बहुतेकदा वायफायवर. सर्व्हर आणि टीव्ही दोघंही वायफायवर असले, तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो: आधी राउटरपर्यंत, मग टीव्हीपर्यंत. दोघं वायफायच्या एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) असतील तर वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणून आम्ही सर्व्हरला वायरच लावतो. ती हॉलमध्ये दिसते हे मान्य, पण काढू नका. हवी तर पट्टीतून नेऊन देऊ.

वायरही तपासावी लागते. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. त्यातली एक जरी तुटली किंवा टोकाच्या पिनमध्ये नीट दाबून बसली (क्रिंप झाली) नाही, तर १००० एमबीपीएसची (मेगाबिट प्रति सेकंद, वेगाचं माप) जोडणी गुपचूप १०० वर येऊ शकते. साध्या एचडीला तेवढं पुरतं. ४के ब्लू-रेची मूळ फाइल मात्र १२८ एमबीपीएसपर्यंत मागू शकते. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो. अशा टीव्हीला ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय बरं.

घरात दोन राउटर असतील आणि सर्व्हर एकावर, टीव्ही दुसऱ्यावर असेल, तर ते एकमेकांना सापडत नाहीत. मग प्लेक्स (जेलीफिनसारखंच ॲप) कधी कधी बाहेरच्या रिलेवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या मधल्या सर्व्हरवरून, वळसा घेतं आणि तिथे २ एमबीपीएसच्या वर वेग मिळत नाही. चित्र धूसर दिसतं ते यामुळे. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला (म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच वायफाय पुढे देतो) की प्रश्न सुटतो. टीव्ही गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असला तरी हीच अडचण येते.

गावाहून किंवा परदेशातून पाहताना मात्र नेट लागतं, आणि तेव्हा घरचा अपलोड वेग महत्त्वाचा. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या नेट कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून बाहेरच्यांसाठी सर्व्हरपर्यंत वाट उघडणं) चालत नाही. अशा ठिकाणी आम्ही टेलस्केल (तुमच्या उपकरणांना खासगीपणे जोडणारं ॲप) बसवून देतो. सर्व्हरवर आणि तुमच्या फोनवर एकदा लॉगिन केलं की झालं.