नागरिक सर्वेक्षण आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा (कोकण किनारपट्टी)

रहिवाशांना त्यांच्या गरजा, अडचणी आणि पसंतीक्रम विचारून त्या उत्तरांच्या आधारे स्थानिक स्वराज्य संस्थेने कामे ठरवणे व अंदाजपत्रकात पैसा ठेवणे, अशी ही पद्धत. घरोघरी प्रश्नावली, वाडीवार बैठक, शिवारफेरी, गावाचा सामाजिक नकाशा ही तिची नेहमीची साधने. कोकणात ती मुख्यतः ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्याच्या निमित्ताने वापरली जाते.

पार्श्वभूमी : 73 व्या घटनादुरुस्तीने (अंमल 24 एप्रिल 1993) पंचायतींना नियोजनाचे घटनात्मक स्थान मिळाले आणि अकराव्या अनुसूचीत 29 विषय आले. केरळने 1996 मध्ये लोकनियोजनाची मोहीम हाती घेऊन गावपातळीवरच्या नियोजनाचा मोठा प्रयोग केला. महाराष्ट्रात या कामाला खरा जोर आला तो चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागल्यावर. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे तयार होऊ लागले. 2018 पासून देशभर 2 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात लोकनियोजन मोहीम सुरू झाली.

सर्वेक्षण कधी करायचे : कोकणापुरता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ऑक्टोबरात विहिरी तुडुंब असतात, वहाळ वाहत असतात, लोक भातकापणीत गुंतलेले असतात. त्या दिवसांत ‘गावाची मोठी अडचण कोणती?’ असे विचारले तर रस्ता, दिवाबत्ती अशी उत्तरे येतात. तोच प्रश्न मे महिन्यात वरच्या वाडीत विचारला तर पहिले उत्तर पाणी असते. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सपाटीवर, धो धो पडणारा पाऊस जांभ्यातून झिरपून आणि उतारावरून वाहून निघून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच सड्यावरच्या वाडीला टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून आराखडा शरद ऋतूत लिहायचा असला तरी पाण्याची नोंद उन्हाळ्यातच करून ठेवणे आवश्यक ठरते. कोळीवाड्यात हिशेब वेगळा. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा खलाशी घरी भेटतो. एरवी पुरुष समुद्रावर आणि बायका सकाळी मासळी बाजारात असतात. सकाळी अकराला कुलूप पाहून ‘घर बंद’ असा शेरा मारणे ही सर्वेक्षणातील चूक आहे.

कोणाला विचारायचे : कुलूपबंद घरांचा प्रश्न चाकरमान्यांमुळे अधिक गुंतागुंतीचा होतो. मुंबईत नोकरी करणारे कुटुंब गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावी येते, घरपट्टी भरते, पण वर्षभर पाणी भरते ती मागे राहिलेली सासू किंवा एकटी सून. दोघांच्याही मताला स्थान हवे. मात्र रोजच्या सोयींबाबत गावात राहणाऱ्याचा शब्द आधी धरावा, हे न्याय्य आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे निघणाऱ्या मागण्या अनेकदा पुढच्या सभेतील मागण्यांपेक्षा निराळ्या असतात.

एकक वाडी असावे. मिशन अंत्योदय या केंद्राच्या उपक्रमासारखी सरकारी सर्वेक्षणे गावात सोय आहे की नाही हे नोंदवतात. ती उपयुक्त आहेत, पण लोकांची पसंती त्यांतून कळत नाही. ‘नळयोजना आहे’ या नोंदीखाली टोकाची वाडी झाकली जाते. कोकणी गाव डोंगरउतारावर विखुरलेले असते. एका वाडीला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) हवा असतो, दुसरीला पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट), खाडीकाठच्या वाडीला भातशेतीत खारे पाणी शिरू न देणारा बांध. सगळी उत्तरे एकत्र केली की मोठी वाडी जिंकते आणि वीस घरांची वाडी दरवर्षी मागे पडते.

पैशाशी सांगड : पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, ठेवला. त्यातील अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. त्या काळात उरलेला 40 टक्के अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येई, पगार व आस्थापनेवर मात्र नाही. साकव, पाखाडी, स्मशानशेड या मागण्या अशा अबंधित वाट्यासाठीच एकमेकींशी झगडतात. स्वनिधीतही (ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात) मागासवर्गीयांसाठी 15, महिला व बालकल्याणासाठी 10 आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के राखावे लागतात. म्हणून प्रश्नावलीसोबत उपलब्ध रकमेचा आकडा सांगितला पाहिजे. ‘काय हवे?’ एवढेच विचारले तर यादी लांबते. ‘एवढ्या रकमेत आधी काय?’ असे विचारले की माणसे विचार करून उत्तर देतात, आणि शेजारच्या वाडीचे कामही आधी घ्या असे म्हणणारे भेटतात.

आपत्तीनंतर : 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, जुलैत चिपळूणचा महापूर. पंचनामा नुकसान मोजतो, पण रात्री कुठल्या पक्क्या इमारतीत आसरा घेतला, कोणती वाट पाण्याखाली गेली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोणी उचलून नेले, हे पंचनाम्याच्या नमुन्यात नसते. ते रहिवाशांनाच विचारावे लागते, आणि आठवण ताजी असताना, पुढच्या पावसाळ्याआधी विचारावे लागते.