सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन आपली?

पारावरच्या गप्पांत हे वाक्य हमखास ऐकू येतं: "सातबाऱ्यावर माझं नाव आहे, मग मालक मीच." तसं नाही. सातबारा मुळात महसुलाचं दप्तर. नमुना 7 हे अधिकार अभिलेख पत्रक, नमुना 12 ही पीक नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 157 सांगतं की ही नोंद खरी धरायची, पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच. फेरफारानं, म्हणजे दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीनं, मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कितीदा तरी सांगून झालंय. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखतानं, बक्षीसपत्रानं, मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं.

जास्त फटका बसतो तो बहिणींना. वडील गेले, वारसनोंद फक्त भावांच्या नावे झाली, की "तुझं नावच नाही" म्हणून तिला गप्प बसवतात. नाव नसल्यानं वाटा बुडत नाही. हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानंच हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून सातबारा बिनकामाचा, असंही नाही. कर्ज, पीकविमा त्यावरच अडतं. जमीन घेताना मात्र 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा), बँकेच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा तिथंच दिसतो. जुने फेरफारही काढा. मालकीचाच वाद असेल तर तो तलाठ्याकडे नाही, दिवाणी न्यायालयात सुटतो.